सायकलवाटेविरुद्धचा अर्ज

शनिवारी सकाळी आमच्या ह्यांनी कोरे कागद आणि निळं पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. हिंदीपण तुझी माझ्यापेक्षा बरी. मी सांगतो, तू लिही. मंगळवारी वनखात्याच्या बैठकीत अर्ज द्यायचाय."

मी म्हटलं, "भाजी करपतेय." भाजी करपत नव्हती. गॅससुद्धा पेटवला नव्हता.

पण बसले लिहायला. नाही म्हणायला कारण काय सांगणार? आमचे हे म्हणजे मानाजीराव. देवासच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर आहेत. मंगळवारच्या बैठकीची बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळली होती. जामलीच्या टेकडीवरच्या वन उद्यानातल्या सायकलवाटा नऊ वर्षं बंद होत्या. त्या आता परत उघडणार, आणि ते काम स्वानंदकडे देणार, असं ठरत होतं. ह्यांचा अर्ज त्याविरुद्ध.

"लिही," हे म्हणाले. "स्वानंद नावाच्या या इसमाच्या निष्काळजीपणामुळे माझा एकुलता एक मुलगा प्रणव, वय सतरा, दसऱ्याच्या दिवशी मेला. मेला नको, मारला गेला लिही. अशा माणसाला उद्यानात पाऊल ठेवू देऊ नये."

मी 'स्वानंद' लिहिलं आणि पुढे पेन सरकेना. म्हटलं, चष्मा सापडत नाही, उद्या लिहिते. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. हे माझ्या चष्म्याकडे बघत राहिले.

आता खरं सांगते. मी कमल, माहेर धारचं, आणि मी काही गोड बोलणारी बाई नाही. अख्खी कॉलनी मला तोंडाळ म्हणते, आणि खोटं नाही म्हणत. दूधवाल्याने पाणी घातलं की त्याच्या सात पिढ्या काढते. नवऱ्याशी तर रोजचंच. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आईच म्हणायची. पण एका गोष्टीवर नऊ वर्षं माझ्या तोंडाला कुलूप होतं. प्रणवच्या सायकलीचे ब्रेक लागले नाहीत, ते माझ्यामुळे. स्वानंदमुळे नाही. मला हे माहीत होतं आणि ह्यांना माहीत नव्हतं.

स्वानंद आमच्या दोन घरं पलीकडच्या कुटुंबातला. त्याचे वडील आणि आमचे हे एकाच वर्षी महाराष्ट्रातून नोकरीला आले, कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात, लागले. पोरगं पॉलिटेक्निक झालं, कारखान्यात लागलं, आणि कुठल्याशा मासिकात फोटो बघून त्याला खूळ लागलं की डोंगरावरून सायकल खाली आणायची. डोक्यात नुसतं सायकलीचं भूत! देवासपासून सहा-सात किलोमीटरवर जामलीची टेकडी. खाली दोन तळी, एक मोठं, एक लहान, आणि दोघांच्या मधे दगडी पाळ, म्हणजे बांध. वनखात्याने तिथे साग आणि बांबू लावून कुंपण घातलं होतं, चौकीदाराच्या फिरायच्या पायवाटा होत्या. स्वानंदने साहेबांच्या हातापाया पडून परवानगी आणली आणि कॉलनीतली दहा-बारा पोरं घेऊन दर रविवारी कुदळ-फावडी चालवू लागला.

माझा प्रणव त्यात सगळ्यात पुढे. घरी चहाची कपबशी उचलून ठेवायची नाही, आणि तिथे पाट्या भरभरून मुरूम वाहायचा! हाताला घट्टे पडले होते. मी म्हणायची, "एवढं घरात केलंस तर सून आणायची गरजच नाही." तो हसायचा. वाटेच्या एकेका तुकड्याला पोरांनी नावं ठेवली होती. चिखलाचं वळण म्हणजे 'कढी'. बांबूतून जाणारी अंधारी वाट म्हणजे 'बोगदा'. आणि शेवटचा पाळीवर उतरणारा तीव्र उतार म्हणजे 'उडी'. वळणावळणाला दगडांवर चुन्याचे बाण काढलेले. मला एकदा पायी फिरवून सगळं दाखवलं होतं त्याने. मी उन्हाच्या नावाने बोटं मोडत होते आणि तो, "आई, इथनं तळं बघ, इथनं दोन्ही तळी दिसतात," करत होता. छान दिसत होती, पण मी काही तसं म्हटलं नाही.

दहावीला बरे मार्क पडले तेव्हा ह्यांनी त्याला इंदूरहून गियरची, जाड टायरांची सायकल आणून दिली. घरात देव्हारा पूर्वेच्या भिंतीला, आणि सायकल पश्चिमेच्या. दोन्हीला सारखाच मान.

१९९८ सालची खंडेनवमी. आता आमच्या धारच्या घरची रीत सांगायला हवी. आजोबा संस्थानच्या चाकरीत होते. संस्थान गेलं, चाकरी गेली, तलवार राहिली. खंडेनवमीला माझी आई भवानीबाई ती म्यानातून काढायची, पुसायची, आणि मुठीपासून टोकापर्यंत तेलाचं बोट फिरवायची. मग हळद, मग कुंकू. पात्याचा तीळभर भाग कोरडा राहिला तर म्हणायची, "गंज चढेल, आणि गंजलेलं शस्त्र घरात नको." तलवार आता चुलतभावाकडे आहे. तेलाचं बोट मात्र मी इकडे घेऊन आले.

देवासच्या क्वार्टरमध्ये तलवार कुठली? मी पाट मांडायची, त्यावर ह्यांचे पाने आणि मायक्रोमीटर, माझी विळी, कात्री, प्रणवची कंपासपेटी. त्या वर्षी पाटाशेजारी नवी सायकल. ती मी ओल्या फडक्याने पुसली, मग तेलाची वाटी घेऊन मांडी घालून बसले. हँडलला लावलं, नळ्यांना लावलं, साखळीला लावलं. आणि चाकांच्या कडांना, दोन्ही बाजूंनी, गोल गोल फिरवत, कुठे कोरडं राहू न देता. त्या कडा चकचकीत होत्या, मला तेच पातं वाटलं. त्यावर हळदीची बोटं, त्यावर कुंकवाची. ब्रेकचे रबर त्या कडांनाच धरतात, हे मला कसं ठाऊक असणार? सायकल मी जन्मात चालवली नव्हती. ह्यांनी बघितलं असतं तर ओरडले असते, पण हे दोन दिवस ओव्हरटाइमला होते, घरी आले की पडायचे.

शस्त्रं पूजेला बसली की दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत. म्हणून सायकल तशीच राहिली. दसऱ्याला दुपारी पोरांचं सीमोल्लंघन ठरलं होतं. सायकलींवर जामलीला जायचं, वरून खाली यायचं, तिथल्याच आपट्याची पानं तोडायची आणि सोनं म्हणून घरोघर वाटायची. स्वानंदचीच कल्पना. मला फार आवडली होती. शिरा करून ठेवला होता मी, आल्यावर सगळ्यांना द्यायला.

पाच वाजता वनखात्याची जीप दारात आली. स्वानंद उतरला, त्याचा शर्ट सगळा लाल. 'उडी'वरून प्रणवची सायकल थांबलीच नाही. पाळीवरून खाली दगडांवर गेला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सतरा वर्षांचं माझं लेकरू. त्या दिवसाचं मी याहून जास्त कधी कोणाला सांगितलेलं नाही, आणि आताही सांगवत नाही.

पंचनामा झाला. उतार तीव्र, पाळीला कठडा नाही, असं त्यात लिहिलं. स्वानंदने पोलिसांना सांगितलं, वाट मी आखली, पोरांना मीच नेलं, चूक माझी. वाटा बंद झाल्या, तोंडाशी काटे टाकले, चर खणले. आणि आमच्या ह्यांना रागवायला माणूस मिळाला.

महिन्याभराने पोलिसांनी सायकल परत दिली. हे म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर नको, भंगारात टाक." मला टाकवेना. वाटलं, नीट करून एखाद्या गरिबाच्या पोराला देऊ. नाहर दरवाज्याजवळच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याला ना माझं नाव ठाऊक, ना सायकलचा इतिहास. त्याने चाक फिरवलं, कडेवर अंगठा घासला, ब्रेकचं रबर काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "माताजी, रिम पे तेल किसने लगाया? रबर देखो, पूरा चिकना हो गया. ऐसे में ब्रेक क्या खाक लगेगा?"

रबरात कुंकू घट्ट बसलं होतं. मी तिथेच ओट्यावर बसले. त्याने पाणी दिलं. सायकल तिथेच सोडून मी घरी आले, परत त्या रस्त्याने गेले नाही.

का नाही सांगितलं? पहिल्यांदा वाटलं, हे सावरले की सांगू. मग वर्षश्राद्ध होऊ दे म्हटलं. तोवर ह्यांचा राग इतका वाढला होता की त्यात मी कुठे पडले तर काय उरेल, याची धास्ती बसली. लेक गेला, आता नवरापण जाईल. घाबरले. दुसरं काही नाही, घाबरले. जगाला घाबरवणारी बाई मी, आणि घरात तोंड उघडायला घाबरले.

त्याची भरपाई स्वानंदने केली. हे त्याला भर बाजारात अडवायचे. एकदा भाजी मंडईत, तो बायको आणि लहान मुलगी चिऊला घेऊन आला होता, तर हे सगळ्यांसमोर ओरडले, "स्वतःचं पोर बरं सांभाळतोस! माझं मारलंस!" चिऊ रडायला लागली. स्वानंद मान खाली घालून उभा. हे थकून गप्प झाले, मग तो मुलीला उचलून गेला. मी शेजारीच उभी होते, हातात मेथीची जुडी. गणपतीच्या वर्गणीत ह्यांनी त्यांच्या घरचं नाव घेऊ दिलं नाही. त्याचे वडील वारले तेव्हा हे गेले नाहीत, मला जाऊ दिलं नाही. वीस वर्षांची मैत्री, पण नाही. मी सगळं बघत होते आणि भाजी निवडत होते, धुणं वाळत घालत होते.

तर रविवारी, अर्ज तसाच ठेवून, मी माताजीच्या टेकडीवर दर्शनाला जाते असं सांगून निघाले आणि जामलीचा टेम्पो धरला. ह्यांना नाही सांगता येत तर निदान स्वानंदला सांगू, तो रविवारी तिथेच असतो असं ऐकून होते. माफी मागू. मग मंगळवारी काय व्हायचं ते होवो.

नऊ वर्षांनी त्या फाटकातून आत गेले. बांबू केवढे वाढले होते! पायवाटेवर दोघांनी उभं राहायला जागा नाही. हिवाळा होता, मोठ्या तळ्यात पाणी भरपूर, बदकं उतरली होती. चौकीदाराला विचारलं तर इकडच्या बोलीत, भैयाला भिया करत, म्हणाला, "स्वानंद भिया ऊपर है, बोगदे के पास." नावं अजून तीच होती.

चढताना दोनदा बसावं लागलं. वर स्वानंद एकटाच होता. वाटेत आडवे दगड बसवत होता, पावसाचं पाणी बाजूला काढायला. तेहतीस वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. मला बघून फावडं खाली ठेवलं.

"काकू? एकट्या? काका बरे आहेत ना?"

"काकांना काय धाड भरलीय. बस खाली. मला बोलायचंय आणि मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही."

तो बसला. मी सगळं सांगितलं. तलवार, तेलाची वाटी, चाकाच्या कडा, सायकलवाला. नऊ वर्षं गप्प बसले ते. मंडईत गप्प उभी राहिले ते. सांगताना रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. तो बोटांवरची माती नखाने खरवडत ऐकत होता.

मी थांबले तेव्हा म्हणाला, "मला माहीत आहे, काकू."

"काय माहीत आहे?"

"तेलाचं. निघायच्या आधी वर मी प्रत्येकाचे ब्रेक बघायचो. प्रणवच्या चाकाला बोट लावलं तर लाल झालं."

आणि आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. त्या क्षणी मला हायसं वाटलं. नऊ वर्षांचं ओझं डोक्यावरून काढून ठेवायला समोर दुसऱ्याचं डोकं मिळालं.

"बघितलंस?" मी उठून उभी राहिले. "बघून सोडलंस त्याला उतारावर? मुडद्या, फडकं नव्हतं तुझ्याकडे?"

"होतं."

"मग पुसलं का नाहीस?"

तो म्हणाला, "जाऊ द्या काकू. चूक माझीच आहे. काका म्हणतात ते खोटं नाही."

"जाऊ द्या काय? माझा लेक गेलाय! बोल! हातात फडकं होतं तर काय हात झडले होते का तुझे?" मी त्याची बाही धरून हलवत होते. खालून चौकीदार बघायला लागला. "बोल, नाहीतर मंगळवारी मीच येते त्या बैठकीला आणि सगळ्यांसमोर विचारते!"

त्याने माझा हात हळूच सोडवला. माझ्याकडे न बघता, समोरच्या तळ्याकडे बघत बोलला.

"मी फडकं काढलं होतं, काकू. त्याने माझा हात धरला. म्हणाला, 'नको भिया, आईने सांगितलंय, सोनं घेऊन घरी येईपर्यंत कुंकू पुसायचं नाही. पुसलं तर आई चिडेल.' मी म्हटलं, अरे उतार आहे. तर म्हणाला, 'मी सगळ्यांच्या मागून येतो. पाय घासत, हळू हळू. उडी आली की उतरून चालत येतो. पण पुसू नको यार, सणाच्या दिवशी आईची बोलणी नको.' आणि मीपण..." तो थांबला. "मीपण लहानपणापासून तुम्हाला घाबरायचो. फडकं खिशात ठेवलं."

मी खाली बसले. दसऱ्याची सकाळ मला लख्ख आठवली. नऊ वर्षांत आठवली नव्हती, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं, रोजच्यासारखीच होती. प्रणव फडकं घेऊन सायकलीपाशी वाकला होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते, "हात लावशील तर बघ! संध्याकाळी सोनं घेऊन ये आणि मग काय ते पूस. मेल्या, एक दिवस धीर धरवत नाही?" त्याने फडकं ठेवून दिलं. मेल्या म्हटलं मी त्याला, दसऱ्याच्या सकाळी. हजारदा म्हणायची. माझं बोलणंच तसं.

"हे तू कोणालाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कोणाला सांगणार? तुम्हाला? आणि नुसतं तुमच्यासाठी म्हणून नाही, काकू. मी चोवीस वर्षांचा होतो, तो सतराचा. त्याचा हात बाजूला करून मी पुसायला हवं होतं. रोज वाटतं."

फावडं उचलून म्हणाला, "वाटा उघडायला हव्यात मात्र. पोरं कुंपण तोडून येतातच. चर खणलेत, खुणा नाहीत, काही माहीत नसतं त्यांना. मागच्या पावसाळ्यात एकाचा हात मोडला. पाळीला कठडा घातल्याशिवाय मी इथे कोणाला येऊ देणार नाही. तेवढं मला करू द्या."

"मंगळवारी काका अर्ज देणार आहेत."

"माहीत आहे. देऊ दे त्यांना." त्याने मला फाटकापर्यंत सोडलं, टेम्पोत बसवलं.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी कागद परत पुढे ठेवले. "आज चष्मा आहे ना?"

मी म्हटलं, "आधी ऐका." आणि सांगायला लागले. तेल मी लावलं. कडांना लावलं. सायकलवाला असं म्हणाला. नऊ वर्षं मला माहीत होतं. वाटलं होतं, आता हे उठतील, भांडं फेकतील, घरातून जा म्हणतील. हे आयुष्यभर मशीन चालवलेला माणूस, तेल आणि ब्रेक म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. चेहरा एकदम म्हातारा झाला.

मग मी म्हटलं, "आणि स्वानंदने तेल बघितलं होतं. वर, निघायच्या आधी."

ह्यांनी मान वर केली. "बघितलं होतं? आणि पुसलं नाही?"

"नाही."

"बघ!" हे उठून उभे राहिले. डोळ्यांत परत ती धग आली. "बघ, मी काय म्हणत होतो! त्याने बघितलं आणि सोडलं. हे लिही अर्जात. हेच लिही पहिलं." आणि मग ते माझ्यापाशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत ठेवला नव्हता. "तुझी काय चूक गं? तू पूजा केलीस. तुला ब्रेकमधलं काय कळतं? त्याला कळत होतं. तू उगाच एवढी वर्षं जिवाला लावून घेतलंस. वेडी आहेस."

तो हात खांद्यावर होता. जड, ऊबदार हात. मी इथेच थांबले असते तर कोणाला काही कळलं नसतं. स्वानंद मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हता. नवऱ्याने मला माफ केलं होतं, मी मागायच्या आधीच. फक्त पेन उचलायचं होतं. देवाशपथ सांगते, मी पेन उचललंही.

मग ठेवलं. "त्याने का नाही पुसलं ते विचारा ना."

"का नाही पुसलं?"

"प्रणवने पुसू दिलं नाही. त्याचा हात धरला. म्हणाला, पुसलं तर आई चिडेल." मी सगळं सांगितलं. सकाळी मी काय ओरडले होते तेही, शब्दन् शब्द, मेल्यासकट. "त्याच्याकडे फडकं होतं आणि स्वानंदकडेपण फडकं होतं. दोघंही मला घाबरले. अहो, माझं लेकरू उतारापेक्षा मला जास्त घाबरलं."

ह्यांचा हात खांद्यावरून कधी निघाला ते कळलं नाही. ते खुर्चीत जाऊन बसले. बाहेर कोणाची तरी धुण्याची बादली वाजत होती. मग त्यांनी कागद ओढून घेतले, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातले.

"बैठकीला मी जाईन," ते म्हणाले. "कठडा कसा बसवायचा ते त्यांना येत नाही. पाइप जमिनीत तीन फूट गाडायला लागतो." आणि तेवढं बोलून ते रडायला लागले. प्रणव गेला तेव्हा रडले नव्हते, तेव्हा नुसते ओरडत होते. आता तोंडावर दोन्ही हात घेऊन रडत होते, आणि माझी त्यांच्याजवळ जायची हिंमत होईना.

मी पाणी आणून ठेवलं. त्यांनी घेतलं नाही. डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या बघण्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"मलापण घाबरायचा का गं तो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला नाही. फक्त मला."